सात सह्या आणि एक कुलूप

रकाना १ : देखरेखीखालील व्यक्तीचे नाव (एका ओळीत)

ज्योतीराम सोनटक्के.

वीस नोव्हेंबरला सकाळी अकरा वाजता हा माणूस दोन ठिकाणी होता.

एक, आमच्या हजेरीच्या वहीत, समाजमंदिरात, स्वतःच्या सहीनिशी. दोन, त्याच्या कंपनीत. तिथल्या मशीनने चेहरा पाहून नोंदवलं आहे : आत सहा अठ्ठावन्न, बाहेर तीन चौतीस. दोन्ही जागांमध्ये अकरा किलोमीटर आणि चाकणचा ट्रॅफिक.

नावासाठी एकच ओळ आहे. नाव लिहून झालं. उरलेलं कुठे लिहायचं ते कळेना, म्हणून हे कागद जोडत गेले.

रकाना २ : गुन्हा व न्यायालयाचा आदेश

भोसरीतल्या एका शेडमधून मशीनला लागणाऱ्या पितळी बुशची दोन पोती चोरली. वय तेव्हा चोवीस, पहिलाच गुन्हा. कोर्टाने तुरुंगात न पाठवता दोन वर्षांच्या चांगल्या वर्तणुकीच्या बॉण्डवर सोडलं. अट अशी की राहायचं एका जागी, काम करायचं आणि दर आठवड्याला हजेरी लावायची. हमी खानावळवाल्या सुमनताईंची. देखरेख माझी. मी सुप्रिया, परिविक्षा अधिकारी.

दोन वर्षं मंगळवारी, दहा फेब्रुवारीला संपतात. त्या दिवशी माझा अंतिम अहवाल कोर्टापुढे जाणार. ‘अटी पाळल्या’ असं लिहिलं की तो मोकळा. ‘खोटी हजेरी’ असं लिहिलं की बॉण्ड रद्द आणि मूळ गुन्ह्याची शिक्षा सुरू.

कंपनीकडून नोव्हेंबरचा पंचिंगचा कागद मागवला तो मीच. मुलगा नियमित काम करतो हे कोर्टाला दाखवायला. कागद आला पाच फेब्रुवारीला, गुरुवारी. सहा, तेरा, सत्तावीस हे गुरुवार कोरे, सुट्टीचे. सतरा तारीखही कोरी. सोमवारची दांडी असेल म्हणून सोडून दिली. आणि वीस तारीख, गुरुवार, भरलेली.

मी लिहिलं, ‘हजेरी समाधानकारक.’

खोडलं.

रकाना ३ : हजेरी

चाकणजवळच्या या वस्तीत हजेरी घ्यायला आम्ही उद्धवरावांना नेमलं आहे. एका मोठ्या कारखान्याच्या टाइम ऑफिसात त्यांची चौतीस वर्षं गेली. निवृत्त झाले, पण पट्टी आणि लाल पेन सुटलं नाही. जानेवारीत नवीन वही आणतात, पानांवर नंबर टाकतात आणि वर्षभराचे बावन्न गुरुवार एका बैठकीत मथळ्यावर लिहून मोकळे होतात. गुरुवार कारण या पट्ट्यातल्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारी. त्यांच्या वहीत खाडाखोड नाही. एकही नाही.

त्याच गुरुवारी अकराच्या हजेरीला मी गेले आणि त्यांच्यापुढे गेल्या वर्षीच्या वहीतलं नोव्हेंबरचं पान उघडलं. मथळा : गुरुवार, २० नोव्हेंबर. खाली आठ नावं. सात सह्या. आठव्या नावापुढे, गणराजच्या, लाल ‘गै’. गैरहजर.

“ही सही ज्योतीरामचीच?”

“माझ्या डोळ्यांदेखत केलेली आहे.”

“याच तारखेला?”

“मॅडम, वही तुमच्या हातात आहे.”

“कंपनीचं मशीन म्हणतंय तो आत होता.”

उद्धवरावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “मशीनचं मशीनला विचारा. चौतीस वर्षांत माझ्या मस्टरवर कामगार आयुक्तांनी बोट ठेवलं नाही. आता तुम्ही ठेवा.”

मग ते माझ्याशी बोललेच नाहीत. वहीला पट्टी लावून सरळ रेघेकडे बघत बसले.

गणराज तेवढ्यात सही करून चालू लागला होता. तो दोन महिन्यांपासून माझ्याशी बोलत नाही. का, ते मला माहीत होतं. म्हणजे, मला माहीत आहे असं वाटत होतं.

रकाना ४ : नोकरी

ज्योतीरामला मी समाजमंदिराच्या पायरीवर थांबवलं.

“वीस नोव्हेंबरला कुठे होतास?”

“लई झाले की मॅडम दिवस. कोणता वार?”

“गुरुवार.”

“मग हितंच. हजेरीला.”

“कंपनीत नव्हतास?”

“गुरुवारी कंपनी बंद असती. बंद कंपनीत जाऊन काय झाडू मारू?” तो हसला. माझं तोंड बघून थांबला. “काय झालं?”

मी कागद दाखवला. त्याने तो वाचला, परत वाचला.

“हा मीच हाय का?”

“तुझाच नंबर आहे.”

“मग मी हितं नव्हतो?” हे त्याने मलाच विचारलं. “पण मी व्हतो, मॅडम. मला खिचडी आठवती. साबुदाण्याची. दोनदा घेतली. सगळे हसले मला. स्वप्नात कुणी दोनदा खिचडी घेतं का?”

दुसऱ्या दिवशी कंपनीत गेले. एचआरमधली तेजल नुकतीच जानेवारीत लागलेली, तळेगावहून दुचाकीवर येणारी, बोलायला मोकळी.

“दुसऱ्या कुणी याच्या नावाने पंच केलं असेल?”

“चेहरा लागतो, मॅडम. चष्मा बदलला तरी माझी एंट्री घेत नाही ते.”

“मशीनची तारीख चुकली असेल?”

“मग अडीचशे लोकांची चुकली. बघा ना, वीसला सगळेच आत आहेत.”

“गुरुवारी? सुट्टी असताना?”

“ओव्हरटाइम असेल. नोव्हेंबरचं मला खरंच नाही सांगता येणार.”

मी गाडीत बसले. एक खोटं असायला हवं होतं, वही किंवा मशीन. मशीन खोटं बोलत नव्हतं. मग वही. मग सही कुणाची? की उद्धवरावांनी घरबसल्या पान भरलं?

तिथूनच उरलेल्या सहा जणांच्या कंपन्यांना फोन लावले. तिघांच्या कंपन्यांनी दुपारपर्यंत उत्तर दिलं.

वीस नोव्हेंबर, सकाळी अकरा. तिघेही आत.

एक माणूस दोन ठिकाणी होता तेव्हा मला तो लबाड वाटला होता. आता चार जण दोन ठिकाणी होते. चार वेगवेगळ्या कंपन्यांत त्याच दिवशी ओव्हरटाइम? सगळ्या एकाच गाडीचे सुटे भाग करतात, मोठी ऑर्डर आली असेल, अशी मी माझी समजूत घातली. मग सह्या? सगळ्याच बनावट?

रकाना ५ : नियमभंग, असल्यास

शनिवारी चाकणच्या कांदा बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. गणराज तिथे हमाली करतो. गावातल्या भांडणात डोकं फोडल्याचा गुन्हा, परभणीकडचा, तीन वर्षांचा बॉण्ड, त्यातलं एक सरलेलं. पाठीवर गोणी घेऊन तो माझ्या बाजूने दोनदा गेला. तिसऱ्यांदा थांबला, कारण मी वाटेत उभी होते.

“बाजूला व्हा, मॅडम. कांदा पायावर पडंल.”

“वीस नोव्हेंबरच्या हजेरीचं विचारायचं आहे.”

“ते इचारून झालंय तुमचं. तव्हाच सांगितलं.”

सांगितलं होतं. नोव्हेंबरच्या शेवटी त्याच्या बहिणीचं लग्न होतं आणि गावी जायला माझी परवानगी लागत होती. मी वही पाहिली, ताजी लाल खूण पाहिली. तो म्हणाला होता, मी गेलो होतो पण कुलूप होतं. वहीत सात सह्या होत्या. कुलूपबंद खोलीत सात जण सह्या करत नाहीत. मी परवानगी नाकारली.

“परत सांग,” मी म्हटलं.

त्याने गोणी उतरवली. “बुधवारी बाजार असतो, शनिवारी बाजार असतो. गुरुवारी मी मोकळा. अकराला गेलो. दाराला कुलूप. पायरीवर बसलो अर्धा तास. कुणी आलं न्हाई. उद्धवराव न्हाई, खानावळीचा डबा न्हाई. मग आलो माघारी.”

“तो गुरुवारच होता?”

“आदल्या दिवशीच्या बाजारानं पाठ मोडली व्हती. मोडक्या पाठीचा वार मी इसरत न्हाई.”

“बाकी सात जण म्हणतात, ते आत होते.”

“सात जण म्हणतात म्हणून मी खोटा.” त्याने गोणी उचलली. “तव्हाबी ह्योच हिशेब लावला व्हता तुम्ही.”

तो गेला. मी कांद्याच्या टरफलांत उभी राहिले.

गणराज खरा असेल तर सात जण, उद्धवराव आणि डबा पाठवणाऱ्या सुमनताई सगळे मिळून खोटे. म्हणजे ही वहीच नाटक. म्हणजे दोन वर्षं मी कोर्टाला जे जे लिहून दिलं ते सगळं नाटक.

या रकान्यात मी लिहिलं : ‘सामूहिक बनावट हजेरी.’

रविवारभर ते तसंच होतं. खोडलं नाही.

रकाना ६ : हमीदाराचे म्हणणे

सोमवारी अकरा वाजता सुमनताईंच्या खानावळीत गेले. पहिल्या पाळीचे डबे गेलेले, दुसऱ्या पाळीवाले अजून उठायचे. त्या भल्यामोठ्या परातीत कणीक मळत होत्या. वाकडला घरी माझ्या स्वयंपाकघरात ती परात मावणारही नाही.

“ये पोरी. बस. जेवतीस?”

“नको, ताई. कामाने आले.”

“ठावं हाय. ज्योतीरामाला तू आत टाकणार म्हनत्यात.”

“मी कुणाला टाकत नाही. वहीत जे आहे ते लिहिते.”

“मंग लिही की, पोरगं चांगलं हाय. दोन वरसं माझ्या डोळ्याम्होरं हाय. एकदा ताटात टाकलं न्हाई त्यानं.”

मी विचारलं, “वीस नोव्हेंबरला, गुरुवारी, तुम्ही हजेरीला नाश्ता पाठवला होता?”

“दर गुरवारी पाठीवते. कांदेपोहे.”

“त्या दिवशी?”

“पोहेच असत्याल.”

“ज्योतीराम म्हणतो, साबुदाण्याची खिचडी होती.”

त्या थांबल्या. “खिचडी? न्हाई बया. खिचडी कशाला पाठवू?” मग हात कणकेतच ठेवून म्हणाल्या, “थांब. व्हय. पाठिवली व्हती एकदा. माझ्यापुरती करत व्हते, तर उद्धवरावांचा निरोप आला, आज हजेरी हाय. पोहे भिजवाया येळ न्हाई. म्हनलं मंग आणखी चार वाट्या टाका. त्यो मेला ज्योतीराम दोनदा जेवला, मला हिथं घास उरला न्हाई. दिवसभर पान्यावर काढला.”

“पाण्यावर का? भाकरी होती ना?”

सुमनताईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं शिकलेल्या बाईकडे बघतात. “उपास असल्यावं भाकरी कशी खाऊ?”

“गुरुवारचा उपास?”

“गुरवारचा कुठला? माझा सोमवार असतो. बारा वरसं.” कणकेतला हात काढून त्यांनी चुलीकडे दाखवला. छोट्या कढईवर झाकण होतं. “आजबी तीच हाय. खातीस का घासभर?”

त्यांनी बशी पुढे केली. मी ती हातात धरून बसले. खिचडी सोमवारची होती. सह्या गुरुवारच्या होत्या. आणि माझ्या पिशवीत एक कागद होता, ज्यावर सतरा तारखेचा सोमवार कोरा होता, आणि तो कोरा का, हे मी एकदाही कुणाला विचारलं नव्हतं.

रकाना ७ : अधिकाऱ्याचे मत

सात माणसं दोन ठिकाणी असू शकत नाहीत. पण एक दिवस चुकीच्या पानावर असू शकतो.

उद्धवराव घरी पेपर वाचत होते. मी उभ्यानेच विचारलं, “सतरा नोव्हेंबरला, सोमवारी, कारखाने बंद होते का?”

टाइम ऑफिसातला प्रश्न होता, त्यामुळे ते बोलले. “होते. उपकेंद्राचं काम निघालं होतं, दिवसभर वीज नव्हती. वीज नसली की मशीन बंद. मग सगळ्या औद्योगिक वसाहतीने त्या आठवड्याची सुट्टी सोमवारी घेतली आणि गुरुवार भरून दिला. असं होतं अधूनमधून.”

“मग त्या आठवड्याची हजेरी तुम्ही कधी घेतलीत?”

“सुट्टीच्या दिवशी. गुरुवारी कोण आलं असतं? सगळी पोरं कामावर.”

“म्हणजे सोमवारी.”

“त्या आठवड्यात गुरुवारच सोमवारी होता, मॅडम.” हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की मला क्षणभर पटलं.

“आणि पान?”

“त्या आठवड्याचं जे पान होतं ते.”

“वर तारीख वीस होती.”

ते हळू म्हणाले, “आधीच लिहिलेली होती. खोडायची म्हणजे…” वाक्य तिथेच राहिलं.

“तुम्ही निरोप कसा दिलात?”

“खानावळीत. आदल्या संध्याकाळी. सातही जण तिथेच जेवतात. सुमनताईंना नाश्त्याचं सांगायचं राहिलं, सकाळी ऐन वेळी कळवलं.”

“सात जण तिथे जेवतात,” मी म्हटलं. “गणराज जेवत नाही. तो कांदा बाजारात खातो. त्याला ना कारखान्याची सुट्टी, ना वीज गेल्याचा फरक. त्याचा गुरुवार गुरुवारीच आला. तो अकराला समाजमंदिरात गेला, उद्धवराव.”

त्यांनी पेपरची घडी घातली. ती नीट बसेना, परत घातली.

“कुलूप होतं,” ते म्हणाले.

“हो.”

“मी लाल पेनाने लिहिलं.”

“आणि मी ते वाचलं,” मी म्हटलं.

तेजलला फोन केला. अर्ध्या तासात तिने जुन्या फायलीतून परिपत्रक काढून पाठवलं : सोमवारी साप्ताहिक सुट्टी, त्याबदली गुरुवारी काम. पण त्याने कोडं निम्मंच सुटत होतं. सुट्टी हलली हे कागद सांगत होता. हजेरीही हलली हे कोण सांगणार? सुमनताई हमीदार, ज्योतीरामच्याच बाजूच्या. बाकी सहा जण देखरेखीखालचे. उद्धवरावांची वही तर संशयातच होती. वीस तारखेला समाजमंदिर बंद होतं हे पाहिलेला आणि तेव्हाच बोललेला माणूस एकच होता. त्याचा तो जबाब माझ्याच फायलीत होता, खाली माझा शेरा : ‘विश्वसनीय नाही.’

रकाना ८ : साक्षीदार

संध्याकाळी पाचला गणराज समाजमंदिरात आला. मी बोलावलं म्हणून नव्हे. उद्धवराव स्वतः बाजारात जाऊन त्याला स्कूटरवर बसवून घेऊन आले. पायरीवर ज्योतीराम बसला होता, पाळी सुटल्यावर तसाच कंपनीच्या कपड्यांत.

मी जबाबाचा कागद गणराजपुढे ठेवला. त्याने वाचला, बाजूला सारला.

“ह्याच्यासाठी मी कामून सही करू?”

“तू केली नाहीस तर उद्या तो आत जाईल,” मी म्हटलं.

“माझ्या बहिणीच्या लग्नात माझ्या जागी चुलत्यानं पाठीशी उभं ऱ्हाऊन कार्य केलं. तिथं मी नव्हतो, त्याचं कोण बघणार?”

ज्योतीराम म्हणाला, “भावा, मला ठाव नव्हतं रे. मी आपली खिचडी खात व्हतो.”

“दोनदा,” गणराज म्हणाला. “ऐकलंय.” तो हसला नाही. मग उद्धवरावांकडे वळला. “वहीत माझ्यापुढं लाल हाय. ते तसंच ठिवून माझी सही पाहिजे तुम्हाला. कोर्टात एका कागदावर मी खरा आन दुसऱ्यावर खोटा.”

उद्धवरावांनी वही उघडली. पान त्यांना शोधावं लागलं नाही. त्यांनी खिशातून पट्टी काढली, पानावर ठेवली, मग उचलून बाजूला ठेवली. पट्टीशिवाय मारलेली रेघ वाकडी आली. आधी मथळ्यावरच्या तारखेवर, शेजारी ‘प्रत्यक्षात सोमवार, १७’. मग लाल ‘गै’वर. त्याच्या पुढच्या चौकटीत जागा कमी होती, तरी त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं : “गुरुवार वीस रोजी अकरा वाजता हजर होता. दाराला कुलूप होते. चूक माझी.” खाली सही, आजची तारीख.

गणराजने वही स्वतःकडे ओढली. बोट ठेवून एकेक शब्द वाचला. मग जबाबाचा कागद घेतला आणि सही केली. ज्योतीरामच्या खांद्यावर हात ठेवून उठला, की आधार घेऊन उठला, मला सांगता येणार नाही. त्याची पाठ दुखत होती.

रकाना ९ : निष्कर्ष

ज्योतीराम सोनटक्के याने सर्व अटी पाळल्या. सोबत परिपत्रक, दुरुस्त पान व जबाब.

मंगळवारी कोर्टाने अहवाल मान्य केला. सात मिनिटं लागली. ज्योतीराम बाहेर आला आणि मला विचारू लागला की आता गुरुवारी काय करायचं.

रकाना १०

नमुन्यात दहावा रकाना नाही. पट्टी न घेता हा मी आखून घेतला आहे आणि हा कागद गणराजच्या फायलीत लावते आहे, ‘विश्वसनीय नाही’च्या वर.

अधिकाऱ्याची चूक (एका ओळीत) : तो म्हणाला कुलूप होते, आणि मी कुलूप सोडून सह्या मोजल्या.